रुडॉल्फ डीझेल

रुडॉल्फ डीझेल यांचा जन्म १८५८ साली पॅरिस येथे जर्मन कुटुंबात झाला. म्यूनिक येथे शिकत असता, वाफेचे यंत्र कोळशाची बहुतेक उष्णता वाया दवडते, हे त्यांच्या ध्यानी आले. ही उधळपट्टी थांबविण्याचा त्यांनी ध्यास घेतला. अतिशय दाबलेली हवा तापते व तीत सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेटते, या तत्त्वावर त्यांनी एंजिन रचले. १८९३ साली पहिल्याच चाचणीत यंत्राचा भाग फुटून ते थोडक्यात बचावले. परंतु त्यांनी धीर सोडला नाही. १८९७ साली त्यांच्या एंजिनाने चतुर्थांशाहून अधिक उष्णता कामी लावून दाखविली. १९१३ साली समुद्रप्रवासात त्यांचा अंत झाला. थोड्या इंधनात जड ओझी ओढणारी एंजिने आजही त्यांचेच नाव धारण करतात.