प्रांतांच्या तिजोऱ्या तपासणारे बाबासाहेब

जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांच्या हाती संविधान असते. त्यांचेच १९२५ साली लंडनला छापलेले प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील पुस्तक आपल्यापैकी कितीजणांनी उघडले? आम्हीही फार उशिरा उघडले, हे कबूल करतो.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. करशास्त्राचे गाढे अभ्यासक सेलिग्मन त्यांचे गुरू. १८३३ पासून सगळा महसूल केंद्राच्या मुठीत कसा गेला आणि १८७१ साली लॉर्ड मेयोने ती मूठ कशी थोडी सैल केली, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले.

१९१९ च्या सुधारणांनी शेतसारा आणि अबकारी प्रांतांना दिली, आयकर आणि सीमाशुल्क केंद्राला. नियम सर्वांना एकच, पण प्रांत एकसारखे होते कुठे? बंगालचा सारा १७९३ च्या कायमधाऱ्याने गोठलेला, तर कलकत्त्याच्या तागाचे उत्पन्न केंद्राकडे. मुंबईच्या गिरण्यांचा आयकरही दिल्लीला. इलाख्याची मदार सारा आणि दारूवर. मद्रासची कमाई जमिनीची, ती प्रांताकडेच राहिली. म्हणून मेस्टन समितीने ९८३ लाखांच्या वर्गणीतले ३४८ लाख मद्रासच्या माथी मारले. मुंबईचे ५६.

१९२७ साली मुंबई कायदेमंडळात शिरताच बाबासाहेबांनी अंदाजपत्रक धरले. आयकर ऐपत पाहून घेतला जातो. शेतसारा मात्र पीक बुडाले तरी द्यायचा आणि तुकडेवाल्याला व शेकडो एकरवाल्याला दर एकच! प्रांताची तिजोरी कोणाच्या घामावर भरते, हा त्यांचा सवाल होता. १९२८ चे महार वतनाचे विधेयक आणि १९३७ चे खोतीविरोधी विधेयक आम्ही याच सवालाशी जोडून वाचतो.

१९४९ साली विक्रीकराचे कलम त्यांनीच घटना समितीत मांडले. हा कर राज्यांचा, पण राज्याराज्यांतल्या व्यापाराची त्याने कोंडी होऊ नये, ही त्यामागची दृष्टी. २०१७ साली जीएसटी आला. माल जिथे खपतो त्या राज्याला कर मिळू लागला. पिण्याची दारू मात्र त्याबाहेर ठेवली, तिचा महसूल राज्यांकडेच राहिला.

ते पुस्तक महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात आहे. वस्तीतल्या वाचनालयात नसेल, तर मागणी नोंदवा.