दामाजीपंतांची पावती

ट्रॉय ही केवळ होमरच्या महाकाव्यातली नगरी, असे अनेक विद्वान मानत असत. मग १८७०च्या दशकात श्लीमनने तुर्कस्तानातली हिसार्लिकची टेकडी खणली आणि गोष्टीखाली खरेच शहर निघाले. आमच्या करकंबहून पंढरपूर ओलांडून मंगळवेढ्याला गेलो, की मला श्लीमन आठवतो. तिथल्या दामाजीपंतांच्या गोष्टीखाली काय असेल?

खाली आहे पंधराव्या शतकातला एक सरकारी अधिकारी. बीदरच्या बहामनी राज्यात मंगळवेढ्याचा कारभार दामाजीपंत पाहत. ज्वारीचा मुलूख आणि सरकारी धान्याची कोठारे त्यांच्या ताब्यात. १४६०च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. पुढे तो दामाजीपंतांच्याच नावाने ओळखला गेला. पंढरपूरची उपाशी माणसे दाराशी आली, तेव्हा पंतांनी बीदरची परवानगी न मागता कोठारे उघडली.

हाताखालच्या माणसाने वर चुगली केली. पंतांना पकडून आणण्याचा हुकूम सुटला. पुढचे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. विठोबा विठू महार होऊन बीदरला गेला, इवल्या थैलीतून मोहरांची रास ओतली आणि बादशहाकडून पावती घेतली. ती पंतांना पोथीत सापडली. आपल्यापायी देवाला कष्ट पडले, म्हणून त्यांनी चाकरी सोडली आणि उरलेले आयुष्य विठ्ठलाच्या भजनात घालवले. महिपतींनी ‘भक्तविजया’त ही कथा सांगितली ती १७६२ साली, म्हणजे तीनशे वर्षांनी.

मी बँकेतला माणूस. माझी नजर मोहरांपेक्षा पावतीवर जाते. लोकांनी देवाकडे पंतांसाठी राज्य मागितले नाही, बादशहाचा नाशही मागितला नाही. फक्त हिशेब चुकता व्हावा, एवढेच मागितले. देवाला महाराचे रूप दिले तेही उगीच नव्हे. गावचा वसूल सरकारी खजिन्यात पोचवणे हे महारांच्या कामांपैकी एक होते. ज्यांच्या इमानावर खजिना भरे, त्यांना विठ्ठलाच्या देवळात मात्र प्रवेश नव्हता. ते दार उघडायला साने गुरुजींचे उपोषण आणि १९४७ साल यावे लागले.

चमत्कार बाजूला ठेवला, तरी गोष्ट लहान होत नाही. उलट पंत मोठे होतात. १४५८ ते १४६१ या काळात बीदरच्या गादीवर हुमायूनशहा होता; इतिहास त्याला जुलमी म्हणून ओळखतो. अशा धन्याचे धान्य वाटायचे, म्हणजे स्वतःची मान पुढे करायची. कुलूप काढताना पंतांना पावतीची खात्री नव्हती. समोर भुकेली माणसे होती आणि किल्ल्या आपल्या हातात आहेत, एवढेच त्यांना ठाऊक होते.

पावती देवाने आणली असेल वा लोकांनी रचली असेल. दार मात्र एका माणसाने उघडले.