मूठभर बियांनी राखलेला वंश

विल्यम बार्ट्रम यांचा जन्म १७३९ मध्ये फिलाडेल्फियाजवळ झाला. वडील जॉन हे शेतकरी आणि नावाजलेले वनस्पतिसंग्राहक. विल्यम यांचा व्यापार मात्र बुडाला. १७६५ मध्ये जॉर्जियातील अल्तमाहा नदीकाठी या बापलेकांना एक अनोळखी झुडूप दिसले. पुढे विल्यम पुन्हा तिकडे गेले आणि पांढऱ्या, सुवासिक फुलांच्या त्या झुडपाच्या बिया त्यांनी घरी आणल्या. वडिलांचे मित्र बेंजामिन फ्रँकलिन यांच्यावरून त्याचे नाव पडले फ्रँकलिनिया.

हे बी रुजवणे सोपे नाही. फळ पिकायला वर्षाहून अधिक काळ लागतो आणि बी सुकले की उगवण घटते. म्हणून ते ताजेच पेरावे किंवा महिनाभर ओलसर थंडाव्यात ठेवून पेरावे.

या भटकंतीत विल्यम तापाने आजारी पडले, डोळे अधू झाले. १७८६ मध्ये बिया काढताना झाडावरून पडून त्यांचा पाय मोडला. तरीही बागेतले काम त्यांनी सोडले नाही. १८२३ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१८०३ नंतर फ्रँकलिनिया रानात कुणालाच आढळलेली नाही. आज जगभरच्या बागांत फुलणारी तिची झाडे बार्ट्रम यांनी जपलेल्या रोपांचीच वंशज मानली जातात.