बर्थवरचा दोन इंचांचा फोम

शारजात राहून रात्रीच्या रेल्वेप्रवासाची सवय पार मोडते. इथे मालगाड्या धावतात, प्रवासी गाड्यांचीही चर्चा असते. पण अबू धाबीहून फुजैराला जायला झोप काढावी एवढं अंतर तरी कुठे आहे? म्हणून सुट्टीत मी मुद्दाम मुंबईला उतरतो आणि कोकणकन्येचं स्लीपरचं तिकीट काढतो. बायको म्हणते, थेट गोव्याला उतरलं की झालं. तिचं बरोबर आहे. पण वरच्या बर्थवर आडवं झालं की मला प्रा. मधू दंडवते आठवतात.

आपल्या मुलांना हे नाव माहीत नसतं, म्हणून लिहितोय.

जन्म १९२४ चा, अहमदनगरचा. मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवायचे. पिंड समाजवादी. १९५५ साली गोवामुक्तीच्या सत्याग्रहात गेले आणि पोर्तुगीज पोलिसांचा मार खाऊन आले. बॅ. नाथ पै गेल्यावर १९७१ मध्ये राजापूरमधून खासदार झाले. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात, तर पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. दोघांचा संसार तेव्हा पत्रांवर चालला.

तुरुंगातून सुटले आणि १९७७ ला थेट रेल्वेमंत्री! तोवर दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरला नुसत्या लाकडी फळ्या असत. दोन रात्रींचा प्रवास केला की पाठीचं काय होई, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम घालायला लावला. २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू केली, तीही वर्गभेद नसलेली. १९७४ च्या संपात नोकरी गेलेल्या कामगारांना परत घेतलं. आरक्षण संगणकावर नेण्याची सुरुवातही त्यांच्याच काळातली. मंत्रिपद मिळालं जेमतेम दोन वर्षं.

पण गंमत बघा, देशभरच्या बर्थना फोम लागला तेव्हा त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघातून एकही गाडी जात नव्हती. आमचे आबा १९७८ ला दुबईला निघाले ते कुडाळहून एसटीने. टपावर ट्रंक आणि रात्रभर घाटातली वळणं. मुंबईत उतरले तेव्हा उलट्यांनी बेजार.

१९८९ मध्ये दंडवते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. १९९० ला कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं, ई. श्रीधरन यांच्या हाती सूत्रं आली. रुळांचं काम जोरात सुरू होण्याआधीच, १९९१ ला, आमच्या लोकांनी दंडवत्यांना निवडणुकीत पाडलं. मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या घरातली मतंही दुसरीकडेच गेली होती, हे खरं ते सांगतो.

२६ जानेवारी १९९८ ला रोहा-मंगळूर मार्ग पूर्ण खुला झाला. त्या मे महिन्यात आबा सुट्टीवर आले आणि मुंबईहून पहिल्यांदा रेल्वेने कुडाळला गेले. डब्यात शिरल्यावर त्यांनी बर्थ हाताने दाबून बघितला आणि चादर टाकून झोपले. चिपळूण, रत्नागिरी कधी गेलं, त्यांना पत्ताच नाही.

दंडवते १२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला दिला. आबांनी ती बातमी कापून ठेवली होती. कोकण रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकात मला ती परवा सापडली.