भुकेल्यांची माउली

(पंडिता रमाबाई यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विधवा, अनाथ आणि दुष्काळग्रस्त स्त्रियांसाठी फार मोठे काम केले. परमेश्वरावरील विश्वास आणि रोजच्या वागण्यातील दया यांच्या बळावर त्यांनी हे काम कसे उभे केले, ते या पाठात सांगितले आहे.)

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव नावाचे गाव आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हा भाग माळरानाचा होता. पाऊस कमी आणि पाण्याची नेहमीच टंचाई. अशा ठिकाणी एका बाईने हजारो निराधार मुलींसाठी घर उभे केले. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान होते. स्त्रियांनी शिकू नये, असे मानण्याचा तो काळ होता. अनंतशास्त्रींना मात्र हे मान्य नव्हते. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले. पुढे लक्ष्मीबाईंनी लहानग्या रमाला शिकवले. पुराणांतील हजारो श्लोक रमाला तोंडपाठ झाले.

हे कुटुंब गावोगाव फिरत असे. देवळांत पुराणे सांगावीत आणि मिळेल त्यावर गुजराण करावी, असे त्यांचे जीवन होते. रमाबाई ऐन तारुण्यात असताना दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. लोकांनाच खायला नव्हते, तर पुराणिकाला कोण देणार? घरातील भांडी विकली, जवळचे होते नव्हते ते सारे संपले. भूक आणि आजार यांनी प्रथम वडील गेले. काही काळाने आईही अंथरुणाला खिळली.

आजारी आई अन्न मागू लागली. घरात दाणा नव्हता. रमाबाई शेजारच्या घरी गेल्या. आजवर त्यांनी कोणापुढे हात पसरला नव्हता. दारात उभ्या राहिल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. डोळ्यांतून फक्त पाणी वाहू लागले. त्या घरच्या बाईने ते पाहिले आणि त्यांना बाजरीची भाकरी दिली. रमाबाई भाकरी घेऊन परत आल्या; पण आईच्या अंगात ती खाण्याचेही बळ उरले नव्हते. थोड्याच दिवसांत आई गेली. मग बहीणही गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास असे दोघेच मागे राहिले.

दोघे भावंडे पायी हिंदुस्थानभर फिरली. पायांत धड जोडे नव्हते, अंगावर पांघरूण नव्हते. पंजाबात झेलम नदीच्या काठी एकदा थंडी इतकी पडली, की त्यांनी वाळूत खड्डे खणले, त्यात झोपले आणि अंगावर वाळू ओढून घेऊन रात्र काढली. एवढे हाल सोसल्यावर व्रते आणि तीर्थयात्रा यांवरील त्यांची श्रद्धा हळूहळू उडून गेली.

१८७८ मध्ये ती कोलकात्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली. वीस वर्षांची तरुणी अस्खलित संस्कृत बोलते, हे पाहून ते थक्क झाले. त्यांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. सगळीकडे त्यांचे नाव झाले. पण दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. १८८१ मध्ये मनोरमा ही मुलगी झाली. १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे निधन झाले. चोवीस वर्षांच्या आतच रमाबाई विधवा झाल्या.

मुलीला घेऊन त्या पुण्याला आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. स्त्रियांना शिक्षिका आणि डॉक्टर होण्याची संधी मिळावी, असे त्यांनी सरकारच्या शिक्षण आयोगापुढे ठामपणे सांगितले. स्वतः वैद्यकीय शिक्षण घ्यावे, या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथील ख्रिस्ती सेविकांच्या मठात त्या राहू लागल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होण्याचा विचार त्यांना सोडावा लागला.

या मठातील सेविकांनी एकदा रमाबाईंना लंडनमधील फुलहॅम येथे नेले. समाजाने वाईट म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी तेथे एक घर होते. मठातील सेविका त्या स्त्रियांना जेवू घालत, आजारपणात त्यांची सेवा करत आणि त्यांच्याशी बहिणीप्रमाणे बोलत. रमाबाईंना आश्चर्य वाटले. अशा स्त्रियांशी कोणी इतक्या प्रेमाने वागल्याचे त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते. ही माणसे असे का वागतात, याची त्यांनी चौकशी केली. तेव्हा एका सेविकेने त्यांना बायबलमधील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. यहुदी लोक शोमरोनी लोकांना कमी लेखत. तरीही येशू ख्रिस्त विहिरीजवळ त्या स्त्रीपाशी पाणी मागतो आणि तिच्याशी आदराने बोलतो, अशी ती गोष्ट आहे. ती रमाबाईंच्या मनाला भिडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी मुलीसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

धर्म बदलला तरी रमाबाईंचा स्वतंत्र स्वभाव बदलला नाही. पटले नाही तर त्या इंग्लंडमधील धर्मगुरूंशीही वाद घालत. जाडेभरडे पांढरे लुगडे आणि शाकाहार त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. आपण हिंदुस्थानातील स्त्रियांसाठीच काम करायचे, हे त्यांच्या मनात पक्के होते.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला त्या हजर होत्या. अमेरिकेत त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि ठिकठिकाणी भाषणे दिली. बालविधवांचे हाल ऐकून बोस्टन येथील लोकांनी एक मंडळ स्थापन केले आणि दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले. त्या मदतीतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. तेथे विधवांना राहता येई आणि शिकता येई. गोदूबाई ही तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी. याच गोदूबाईंचा पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि आनंदीबाई कर्वे या नावाने त्या प्रसिद्ध झाल्या. वर्ष-दीड वर्षाने शारदा सदन पुण्याला हलवण्यात आले.

पुण्यात एक मोठा वाद निर्माण झाला. शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही, असे ठरलेले होते. रमाबाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत करत. पण खोलीचे दार उघडे ठेवत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. त्यामुळे मुलींना ख्रिस्ती केले जाते, अशी टीका वर्तमानपत्रांत होऊ लागली. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनीही १८९३ मध्ये संस्थेशी असलेला संबंध तोडला. पालकांनी अनेक मुलींना काढून नेले. ज्यांच्या आधारावर काम चालले होते, तेच दूर गेले. रमाबाईंना याचे फार दुःख झाले. पण त्यांनी सदन बंद केले नाही.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. ती बातमी वाचून रमाबाई अस्वस्थ झाल्या. वीस वर्षांपूर्वीची आपली भूक त्यांना आठवली. आपण तेथे जावे, असे मन सांगत होते. पण जाऊन करणार काय? हाती पैसा होता तो शारदा सदनापुरताच. जागा अपुरी होती. आणखी मुली आणल्या, तर त्यांना घालणार काय? व्यवहार म्हणत होता, की घरी बसावे. रमाबाईंनी बराच विचार केला, प्रार्थना केली आणि त्या निघाल्या. परमेश्वराने काम दिले असेल, तर भाकरीही तोच देईल, असा त्यांचा विश्वास होता.

दुष्काळी भागात त्यांनी जे पाहिले, ते भयंकर होते. मुले हाडांचे सापळे झाली होती. आईबाप मेलेल्या मुलींना फसवून नेणारे दुष्ट लोक ठिकठिकाणी टपले होते. रमाबाई अशा मुलींना गोळा करून आणू लागल्या. सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया त्यांनी या दुष्काळातून वाचवल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ आली. शहरात नव्या माणसांना ठेवून घेण्यास मनाई झाली. आता या मुलींना न्यायचे कोठे? केडगावला रमाबाईंनी फळबागेसाठी शेतजमीन घेतली होती. त्या मुलींना तेथे घेऊन गेल्या. इमारत नव्हती, म्हणून तात्पुरता निवारा उभा केला. याच जागी १८९८ मध्ये ‘मुक्तिसदन’ उभे राहिले.

मुलींना आणणे सोपे होते. त्यांना सांभाळणे कठीण होते. कोणाच्या अंगावर जखमा होत्या, कोणाच्या डोक्यात उवा झाल्या होत्या. उपासामुळे काहींना अन्न पचत नसे. काही मुली चोरून भाकरी लपवून ठेवत. उद्या खायला मिळेल, यावर त्यांचा विश्वासच बसत नव्हता. रमाबाई त्यांच्यावर रागावत नसत. भुकेची भीती काय असते, हे त्यांना ठाऊक होते. त्या मुलींना स्वतः न्हाऊ घालत, जखमा धूत आणि जवळ बसून जेवू घालत. आधी आलेल्या मुलींवर त्यांनी नव्या मुलींची जबाबदारी सोपवली. जिला काल कोणी तरी जेवू घातले, ती आज दुसरीला जेवू घालू लागली.

बोस्टनच्या मंडळाने दिलेली दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली. रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या. तेथील लोकांनी नवे मंडळ स्थापन करून मदत चालू ठेवली. पण शेकडो मुलींचा खर्च त्यातून भागणे शक्य नव्हते. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात जॉर्ज म्यूलर नावाच्या गृहस्थांनी केवळ परमेश्वरावर भरवसा ठेवून हजारो अनाथ मुले वाढवली होती. त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. आपणही तसेच चालावे, असे त्यांनी ठरवले.

पण विश्वास ठेवणे म्हणजे हात जोडून नुसते बसून राहणे नव्हे. रमाबाईंनी विहिरी खणल्या, शेती केली, फळझाडे लावली, गाई-म्हशी पाळल्या. मुली विणकाम, शिवणकाम आणि स्वयंपाक शिकल्या. कोणी टोपल्या विणू लागल्या, कोणी तेलाचा घाणा चालवू लागल्या. संस्थेत छापखानाही निघाला. तेथे मुली स्वतः खिळे जुळवत आणि पुस्तके छापत. १९०० मध्ये गुजरातेतील दुष्काळातून आणखी शेकडो मुली आल्या. त्या सुमारास मुक्तिसदनात सुमारे १५०० माणसे आणि शंभराहून अधिक गुरे होती.

येथे कोणत्याही जातीच्या मुलीला दार बंद नव्हते. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ होते, तर वृद्ध आणि दुबळ्या स्त्रियांसाठी ‘प्रीतिसदन’ होते. अंध मुलींनाही रमाबाईंनी ओझे मानले नाही. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतली आणि त्या मुलींना शिकवली. बोटांनी वाचायला येऊ लागले, तेव्हा त्या मुलींच्या आनंदाला पार राहिला नाही.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. त्या वेळचे भाषांतर खेड्यातील बायकांना कठीण वाटे. म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मूळ ग्रंथावरून सोप्या मराठीत भाषांतर केले. त्यांना संस्कृत इतके उत्तम येत होते, की त्या सहज जड भाषा लिहू शकल्या असत्या. पण आपले लिखाण साध्या बाईला कळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. अनेक वर्षे त्या या कामात गढल्या होत्या. १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. एकुलती एक मुलगी गेली, तरी रमाबाईंनी हातातील काम सोडले नाही. भाषांतर पूर्ण झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे देहावसान झाले. मुक्तिसदनातील स्त्रियांनी ते बायबल आपल्याच छापखान्यात छापले. १९८९ मध्ये भारत सरकारने रमाबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मुलांनो, रमाबाईंच्या मतांबद्दल त्यांच्या काळातही वाद झाले आणि नंतरही होत राहिले. पण दुष्काळात वाचलेल्या मुलींना त्या वादांशी काही देणेघेणे नव्हते. त्यांना रमाबाई ठाऊक होत्या त्या जखमा धुणाऱ्या आणि ताटात भाकरी वाढणाऱ्या आई म्हणून. तरुणपणी एका शेजारणीने रमाबाईंना भाकरी दिली होती. त्या बाईचे नाव आज कोणालाही ठाऊक नाही. रमाबाईंनी मात्र ती भाकरी जन्मभर लक्षात ठेवली आणि आपल्या दारी आलेल्या कोणालाही मागण्याची लाज वाटू दिली नाही.