डॉ. आनंदीबाई जोशी : परमुलखातली तयारी

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली मराठी मुलगी, एवढी त्यांची ओळख आपल्याला पुरते. मला मात्र त्यांचे चरित्र वाचताना एका लहानग्या जिवाने थांबविले. तो जीव अवघा दहा दिवस जगला.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना, घर कल्याणचे. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी या बिजवराशी लग्न झाले. पोस्टात नोकरी करणारे गोपाळराव विक्षिप्त होते. बायको शिकलीच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि त्या हट्टापायी ते तिच्यावर हातही टाकीत. त्यांचे श्रेय देताना ही गोष्ट लपवू नये, असे मला वाटते.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. योग्य वैद्यकीय उपचारांअभावी तो दहाव्या दिवशी गेला. त्या काळी घराघरातून असे घडत असे. अंधारी खोली, शेगडीचा धूर आणि सुईण, एवढाच बाळंतिणीचा आधार. पुरुष डॉक्टरला दाखविण्यापेक्षा बायका मरण पत्करीत. मूल गेले की आईच्या नशिबाला बोल लावून घर पुढे चालू लागे. या मुलीने मात्र नशिबाला बोल लावला नाही. उपचार शिकून घ्यायचे ठरविले.

गोपाळरावांचे एक पत्र अमेरिकेतील मिशनच्या नियतकालिकात छापले गेले. ते वाचून न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे भर सभेत उभे राहून त्यांनी आपण परदेशी का जात आहोत ते सांगितले. हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, हा त्यांचा मुद्दा होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट निघाली, तेव्हा आप्तांपैकी कोणीही सोबत नव्हते. वय अठरा!

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या दाखल झाल्या. थंडी हाडात शिरत होती, प्रकृती ढासळत होती. पण साडी आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. मित्रमैत्रिणींनो, या निवडीकडे जरा लक्ष द्या. परमुलखात बसून त्यांनी आपल्याच घरातल्या बाळंतिणीच्या खोलीचा विचार केला. आयुर्वेदाचे ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके शेजारी शेजारी ठेवली. जुने सारे टाकाऊ नाही आणि नवे सारे परके नाही, ही समज विशीतल्या मुलीची होती. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, तेव्हा तो सोहळा पाहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या होत्या.

मी देवनारला राहते. आमच्याकडे लोकसंख्याशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. मुंबईत १९५६ साली सुरू झालेल्या या संस्थेत परदेशांतून विद्यार्थी येतात आणि जन्ममृत्यूंचे गणित शिकतात. तिच्या फाटकावरून जाताना वाटते, बालमृत्यूच्या आकड्यातला प्रत्येक एक कोणाचे तरी दहा दिवस असतात. त्या दहा दिवसांची नोंद आनंदीबाईंनी मनात ठेवली आणि समुद्र ओलांडला.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या कक्षाची जबाबदारी त्यांच्यासाठी राखली गेली होती. पण १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या त्या क्षयाने पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंनी न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या.

कोल्हापूरच्या त्या कक्षात त्यांना एकही दिवस काम करता आले नाही. म्हणून काही जण हे जीवन अपुरे म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्या वस्तीतल्या बायका आजही दवाखान्याच्या दारात आधी विचारतात, बाई डॉक्टर आहेत का? आज बहुतेक वेळा उत्तर ‘आहेत’ असे येते. तो प्रश्न विचारण्याचा हक्क श्रीरामपूरच्या सभेत एका सतरा वर्षांच्या आईने मांडला होता, एवढे तरी आपण विसरू नये.