शारदा कायद्याचे जनक हरबिलास सारडा

शारदा कायद्याचे नाव आपल्या जुन्या घरांतून अजून अधूनमधून निघते. देवलांच्या ‘शारदा’ नाटकाची पदे ऐकत वाढलेल्या आपल्या मंडळींपैकी कित्येकांची समजूत अशी की, कायद्याला हे नाव त्या नाटकातील नायिकेवरून मिळाले असावे. समजूत गोड आहे, पण खरी नाही. नाटक १८९९ सालचे. कायदा झाला १९२९ साली, आणि त्याचे नाव पडले ते अजमेरच्या एका माहेश्वरी गृहस्थाच्या आडनावावरून. हरबिलास सारडा हे ते गृहस्थ.

माझी आणि त्यांची ओळख कायद्यातून झाली नाही. वडील दरबारचे गवई, मी त्यांचा उतारवयातला मुलगा, आणि पेशाने संगीतशिक्षक. आम्हा संगीतवाल्यांना मेवाडचा महाराणा कुंभा ठाऊक असतो तो ‘संगीतराज’ या ग्रंथाचा कर्ता म्हणून. त्याची माहिती शोधता शोधता १९१७ साली प्रसिद्ध झालेले त्याचे एक इंग्रजी चरित्र हाती आले. लेखकाचे नाव हरबिलास सारडा. कुंभ्याचा हा चरित्रकार आणि बालविवाहाचा कायदा करणारा गृहस्थ एकच, हे समजल्यावर मात्र त्यांचेच चरित्र धुंडाळावेसे वाटले.

हरबिलासांचा जन्म ३ जून १८६७ रोजी अजमेरास झाला. वडील हरनारायण हे तेथील सरकारी कॉलेजात ग्रंथपाल होते आणि वेदान्ती वृत्तीचे होते. १८८३ साली स्वामी दयानंदांनी अजमेरातच देह ठेवला, तेव्हा हरबिलास सोळा वर्षांचे होते. दयानंदांच्या शिकवणीचा ठसा त्यांच्यावर जन्मभर राहिला. आग्रा कॉलेजातून ते १८८८ साली बी. ए. झाले, काही काळ शिक्षक झाले, मग न्यायखात्यात शिरले. मध्यंतरी जैसलमेरच्या राजाचे पालक म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि सरकारी नोकरी संपल्यावर जोधपूरच्या मुख्य न्यायालयात त्यांनी न्यायाधीशाचे काम केले. मरुभूमी त्यांनी अशी आतून पाहिली होती.

त्या प्रदेशातील बालविवाहाची मुळे केवळ धर्मसमजुतीत नाहीत. अक्षय्य तृतीयेला तिकडे आखा तीज म्हणतात. तो अबूझ मुहूर्त, म्हणजे पंचांग न पाहता लग्न लावण्याचा दिवस. पाऊस बेभरवशाचा, धान्य मोजके. तेव्हा थोरलीच्या मांडवात धाकट्या दोघी-तिघींचीही लग्ने उरकली की एका जेवणावळीत काम भागते. घरात म्हातारे माणूस गेले की मौसर, म्हणजे तेराव्याचे मोठे गावजेवण, आणि त्याच खर्चात पोरांची लग्ने. कोठे आटासाटा : आपली मुलगी त्यांच्या घरी, त्यांची आपल्या घरी. मुलगी लग्नानंतर माहेरीच राहते आणि गौन्यानंतर सासरी जाते, म्हणून आईबापांना त्यात काही वावगे वाटत नाही.

ही चाल मोडण्याचा प्रयत्न सारडांच्या आधीही झाला होता. १८८८ च्या सुमारास कर्नल वॉल्टर यांच्या पुढाकाराने राजपूत सरदारांची एक हितकारिणी सभा स्थापन झाली. मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा झाल्याखेरीज लग्न करू नये, असा नियम तिने घातला. पण सभा पडली सरदारांची. जाट, माळी, कुंभार यांच्या घरांपर्यंत तिचा शब्द पोहोचला नाही.

सारडा अजमेर-मेरवाड्याकडून मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले आणि १९२७ साली त्यांनी आपले विधेयक मांडले. मूळ मसुदा फक्त हिंदूंपुरता होता. त्यात मुलीचे वय बारा धरले होते, आणि त्याआधीचे लग्न रद्दच समजावे असे कलम होते. चर्चेत ते कलम गळाले. कायदा सर्व धर्मांना लागू झाला, वये तीच चौदा आणि अठरा ठरली, आणि लग्न कायम ठेवून करणाऱ्याला शिक्षा, असे त्याचे रूप झाले. या कामी मोठा आधार मिळाला तो संमतिवयाच्या समितीच्या अहवालाचा, आणि त्या समितीचे अध्यक्ष होते आपले मोरोपंत जोशी. दोन्ही धर्मांतील सनातन्यांचा रोष पत्करून सप्टेंबर १९२९ मध्ये विधेयक मंजूर झाले. अंमल १ एप्रिल १९३० पासून होता. मधल्या सहा महिन्यांत देशभर पोरवयातल्या लग्नांची एकच घाई उडाली.

खरी अडचण पुढेच होती. कायदा ब्रिटिश मुलखापुरता. अजमेर ब्रिटिशांचे, पण पश्चिमेकडील जोधपूर, जैसलमेर, बिकानेर ही सारी संस्थाने. ज्या वाळवंटाची अवस्था सारडांनी डोळ्यांनी पाहिली, तेथेच त्यांचा कायदा चालत नव्हता. जेथे चालत होता, तेथेही पोलीस आपण होऊन हात घालू शकत नसत. कोणीतरी फिर्याद करायची, आणि तिच्यासाठी शंभर रुपयांपर्यंत जामीनही त्यानेच द्यायचा. गावात राहून शेजाऱ्यावर फिर्याद कोण करणार? आपल्या बडोद्याचा अनुभव निराळा नव्हता. सयाजीराव महाराजांनी १९०४ सालीच असा कायदा केला होता. लोक दंड भरीत आणि लग्ने लावीत.

१९५५ च्या जानेवारीत सारडा वारले. त्यांच्या हयातीतच, १९४९ साली, मुलीचे वय पंधरा झाले. संस्थाने विलीन झाल्यावर कायदा मरुभूमीतही पोहोचला, आणि १९७८ साली वये अठरा व एकवीस झाली. मसुद्यातून गळालेला विचार २००६ च्या नव्या कायद्यात निराळ्या रूपाने परत आला : लहानपणी लग्न झालेल्याला ते रद्द करून मागता येते. २०१२ साली जोधपूरला एका मुलीने तसे करून दाखवले.

आकडेही हलले. राजस्थानात वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या २००५-०६ च्या पाहणीत शेकडा ६५ होत्या, २०१९-२१ च्या पाहणीत शेकडा २५. मुलींच्या शाळा वाढल्या, आणि १९८४ पासून गावोगावच्या ‘साथिन’ बायकांनी शिव्याशाप व बहिष्कार सोसून घरोघर समजूत घातली. आता आखा तीज जवळ आली की जिल्ह्याजिल्ह्यांतून हुकूम सुटतात : भटजी, आचारी, मांडववाले, वाजंत्री यांनी वयाचा दाखला पाहिल्याशिवाय सुपारी घेऊ नये. २०२४ साली उच्च न्यायालयाने सरपंच आणि पंच यांनाही जबाबदार धरले.

यातले वाजंत्र्यांचे कलम मला फार महत्त्वाचे वाटते. गावातल्या लग्नाची बातमी ढोलवाल्याला सर्वांच्या आधी लागते, आणि ढोलाशिवाय तिकडे लग्न उभे राहत नाही. लग्न लावणाऱ्यालाही दोषी धरण्याचे कलम सारडांच्या कायद्यात पहिल्यापासून होते, पण ते कागदावर राहिले. सारडांनी दिलेला कायदा गावाबाहेरून आला होता. तो गावात रुजू लागला तो गावच्याच माणसांनी आपापली सुपारी परत करण्याचे धैर्य दाखवले तेव्हा, आणि अजून शेकडा पंचवीस घरांत ती परत करायची राहिली आहे.